सरळ रेषेत सातशे तेरा किलोमीटर

मी डोंगरात हरवलो याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. हरवल्याचं कुणाला कळलंसुद्धा नाही, ते मात्र लागलं.

रविवार होता. पहिल्या बसने पिरियापट्टणला आणि तिथून दुसऱ्या बसने बेट्टदपुरला गेलो होतो. तिथल्या डोंगराच्या माथ्यावर देऊळ आहे आणि देवळापर्यंत पायऱ्या आहेत. पायऱ्या असलेल्या डोंगराला डोंगर म्हणायचं की जिना, हा माझा जुना वाद आहे. मी साताऱ्याकडच्या डोंगरांत लहानाचा मोठा झालेला, तेव्हा चढताना एक वेळ ठीक, पण उतरताना पायऱ्या धरणं मला कमीपणाचं वाटलं. शेळ्यांच्या वाटेने उतरायला लागलो. ती वाट घाणेरीच्या जाळीत शिरली आणि तिथेच संपली. फोनवर नकाशा बघावा म्हटलं, तर सकाळपासून रेंज शोधून शोधून फोनने मान टाकलेली. चार तास त्या जाळीत काढले, दोन्ही हात ओरबाडून घेतले आणि डोंगराच्या भलत्याच बाजूला, भलत्याच गावात उतरलो.

म्हैसूरला पोचेपर्यंत सात वाजले. बसमध्ये माझी सगळी तयारी चालली होती. फोन चालू झाला की बायकोचे आणि मुलीचे फोन येऊन गेल्याचे निरोप धडाधड येतील, मग मी आधी थोडा चिडेन आणि नंतर समजुतीने सांगेन की बाबांनो, काही झालेलं नाही, उगाच घाबरता. घरात शिरल्यावर पाय धुवायच्या आधी फोन चार्जिंगला लावला आणि समोर खुर्ची ओढून बसलो. एक निरोप आला. गॅस सिलिंडरची नोंदणी झाल्याचा.

आठ वाजता रोजच्यासारखा बायकोचा फोन आला.

"जेवलात का?"

"हो."

"काय केलं होतंत?"

"पिठलं."

पिठलं केलं नव्हतं, काहीच केलं नव्हतं. नातवाला सर्दी झाली होती. ती कशी झाली आणि कुणामुळे झाली हे तिने सविस्तर सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं. तेव्हा कुणाला बोललो नाही, म्हणून आता लिहून टाकतो.

बायको पुण्याला गेली होती ती तीन महिन्यांसाठी, मुलीच्या बाळंतपणाला. त्याला तेव्हा अडीच वर्षं होत आली होती. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवाले, आणि नातू आजीशिवाय घास गिळत नाही. "तुम्हीही इकडेच या," असं सगळे म्हणत. पण जावयाच्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन बसावं की नाही, याचा निर्णय मला करता येत नव्हता. शिवाय म्हैसुरात, हूटगळ्ळीत माझं स्वतःचं घर आहे. वीस वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही महाराष्ट्र सोडला. शेवटच्या दिवसापर्यंत मी तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतली चूक काढणं हा माझा धंदा. निवृत्त झाल्यावर ही सवय घरच्यांवर चालवावी, तर घरात कुणी नाही.

आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं, आणि आतून कुणीतरी 'या' म्हणायचं. लहानपणी एकदा चुकून 'जातो' म्हणालो, तर आईने उंबऱ्याच्या आत परत घेतलं आणि पाणी पाजून पुन्हा निघायला लावलं. बायको गेल्यापासून मी कुणाला येतो म्हणणार? कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं आणि चालू लागायचं.

शेजारी एक बाई राहतात, सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं पाच पिढ्या म्हैसुरातलं. घरात मराठीच, पण त्या मराठीत निम्मं कानडी. सकाळी दारात रांगोळी घालताना माझ्या पाठीवरची पिशवी दिसली की म्हणत, "एन्री, परत बेट्टाला? आमचे लोक बेट्ट चढतात ते देवासाठी. तुम्ही सुम्ने चढता." एन्री म्हणजे काय हो, बेट्ट म्हणजे डोंगर, आणि सुम्ने म्हणजे उगाच. मी हसून पुढे जायचो. कुठल्या डोंगराला चाललोय हे त्यांना सांगावं, असं मला कधी सुचलं नाही.

हरवल्याची बातमी मंगळवारी फुटली. व्हिडिओ कॉलवर नातवाला टाळ्या वाजवून दाखवत होतो आणि बायकोला माझे हात दिसले. खोटं बोलायला मला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात तिने सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "एक तर डोंगर बंद करा, नाहीतर इकडे या. मला इथे बसून जिवाला घोर नको."

डोंगर बंद करायचा म्हणजे माझ्या आठवड्यातला रविवार काढून टाकायचा. बाकीच्या सहा दिवसांत मी पेपर वाचतो, भाजी आणतो आणि नळ गळतोय का ते बघतो. मी म्हणालो, "बंद कशाला? जीपीएसचं यंत्र घेतो. हातात धरायचं असतं ते. फोन मेला तरी ते चालू राहतं."

आता यंत्र घ्यायचं म्हटल्यावर माझ्यातला तपासनीस जागा झाला. तीन आठवडे मी तेवढंच केलं, आणि खरं सांगायचं तर ते तीन आठवडे बरे गेले. महागडी यंत्रं पहिल्या दिवशीच बाद केली. त्यांत रंगीत नकाशे असतात, गाणी असतात, हृदयाचे ठोके मोजायची सोय असते. माझे ठोके मोजून मी कुणाला दाखवणार होतो? मला एवढंच हवं होतं की निघालो ती जागा त्याने लक्षात ठेवावी आणि परत यायची दिशा दाखवावी. काचेवर बोट फिरवायची यंत्रंही सोडली, कारण घामेजलेलं बोट फोनसुद्धा ओळखत नाही. बटणं हवीत, आणि ती माझ्या अंगठ्याला कळतील एवढी मोठी हवीत. मग प्रश्न बॅटरीचा. आत बसवलेली असेल तर ती संपली की यंत्राचा दगड. पेन्सिल सेलवर चालणारं असेल तर कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात सेल मिळतात. हा मुद्दा मी बायकोला फोनवर पंधरा मिनिटं समजावून सांगितला. ती म्हणाली, "भिंतीवरच्या घड्याळाचे सेल चार महिने बदलले नव्हते तुम्ही."

देवराज अरस रस्त्याच्या मागच्या गल्लीत जमीन मोजणीची उपकरणं विकणारं एक दुकान आहे. मालकीण पन्नाशीची, शांत. माझं कानडी वीस वर्षांनंतरही भाजी आणि बस यांच्यापुढे गेलेलं नाही, तेव्हा आमचं बोलणं मोडक्या हिंदीत झालं. तिने तीन यंत्रं काचेवर मांडली. सगळ्यात स्वस्त होतं ते साध्या मोबाइलच्या किमतीचं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं, मुठीत मावणारं. मी विचारलं, बाहेर नेऊन बघू का? तिने मान हलवली. गल्लीच्या कोपऱ्यावर विजेचा खांब होता. त्या खांबाला पाठ लावून मी आकडे उतरवले, दुकानापर्यंत आलो, परत खांबापाशी गेलो आणि पुन्हा उतरवले. असं पाच वेळा. दर वेळी तीन-चार मीटरचा फरक. जन्मभर मी केसापेक्षा बारीक चूक धरून माल परत पाठवला, आणि आता तीन मीटरची चूक स्वतःच्या पैशांनी विकत घ्यायची. पण डोंगरात तीन मीटरवर उभा असलेला माणूस दिसतो, एवढी सूट मी त्याला दिली.

दुकानात परत येऊन शेवटचा प्रश्न विचारला. खरं म्हणजे तो पहिला होता. "मी कुठे आहे ते माझ्या घरच्यांना कळेल ना याच्यातून?"

ती म्हणाली, नाही. तसं यंत्र वेगळं असतं. ते उपग्रहामार्फत निरोप पाठवतं, त्याची किंमत कितीतरी जास्त, वर दर वर्षीचा खर्च, आणि आपल्या देशात ते सरकारी परवानगीशिवाय बाळगताही येत नाही. "हे फक्त ऐकतं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला सांगतं. दुसऱ्या कुणाला नाही."

मी कुठे आहे ते मला बऱ्यापैकी माहीत होतं. हूटगळ्ळीत, पहिल्या मजल्यावर, रोज आठ वाजता. पण एवढं फिरून रिकाम्या हाताने परत जायचं माझ्या जिवावर आलं. स्वस्तातलंच यंत्र घेतलं आणि चार सेल जास्तीचे.

त्या दिवशी फोनवर बायकोने नेमकं तेच विचारलं. "आम्हाला दिसणार ना, तुम्ही कुठे आहात ते?"

"दिसणार," मी म्हणालो.

"माझ्या फोनवर काही आलं नाही."

"ते आकड्यांत असतं. रविवारी पायथ्याशी पोचलो की मी आकडे सांगतो, तू लिहून घे."

खोटं बोललो ते डोंगर वाचवण्यासाठी. पण त्या खोट्यातून निघालं ते वेगळंच. पहिल्याच रविवारी बेट्टदपुरच्या पायथ्याशी नारळ-उदबत्तीच्या दुकानासमोर उभं राहून मी फोन लावला आणि पडद्यावरचे आकडे वाचले. बारा पॉइंट चार, शहात्तर पॉइंट एक, आणि त्यापुढची शेपटं. ती म्हणाली, "थांबा, पेन घेते." मग टोपण काढल्याचा टक असा आवाज आला. सगळं लिहून झाल्यावर तिने एकेक आकडा मला परत वाचून दाखवला. आमच्या विभागात हीच पद्धत होती, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने परत वाचायचं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. शेवटी टोपण लावल्याचा टक. "एक वाजेपर्यंत उतरल्याचा फोन करा," ती म्हणायची.

आठवड्यातली ही चार मिनिटं मला आवडायला लागली. आठ वाजताच्या फोनमध्ये नातू असायचा, कुकरच्या शिट्ट्या असायच्या. रविवारच्या सकाळी फक्त आकडे, आणि ते ऐकणारी ती. मी उंचीचेही आकडे द्यायला लागलो, त्यांचा कुणाला काही उपयोग नसताना. एकदा कावेरीकाठच्या तलकाडला गेलो. तिथे वाळूत हरवायला शोधूनही जागा सापडायची नाही, तरी दोन वेळा आकडे कळवले. त्यावर ती म्हणाली, "सारखे तुमचेच आकडे. आता आमचे लिहून घ्या." आणि तिने पुण्याच्या फ्लॅटचे आकडे वाचून दाखवले. जावयाने तिला फोनमधून काढून दिले होते. मी ते यंत्रात भरले आणि परत वाचून दाखवले.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा बेट्टदपुरला गेलो. जिथे चुकलो होतो ती जागा मला शोधून काढायची होती. पायथ्याची खूण यंत्रात घातली, आकडे पुण्याला कळवले आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. मागच्या वेळी बॅटरीने दगा दिला होता, तेव्हा आता फोन जपायचा, अशी माझी हुशारी. दहाच्या सुमाराला माथ्यावर पोचलो. देवळात दोन-तीन माणसं होती, तीही घंटा वाजवून उतरली. मग मी आणि वारा. डबा उघडला, दोन पोळ्या आणि लोणचं खाल्लं. पूर्वी असं कुठे गेलो की बायको डब्यातला पहिला घास मला द्यायची आणि मग डोंगराला नावं ठेवायची. नावं ठेवायलाही बरोबर माणूस लागतं.

चाळा म्हणून यंत्र काढलं. आधी घराची खूण लावून बघितली. बाण म्हैसूरकडे वळला. मग पुणे लावलं. बाण जरा घुटमळला, फिरला आणि उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकून स्थिर झाला. खाली अंतर आलं, सातशे तेरा किलोमीटर, सरळ रेषेत. त्या बाजूला बघितलं. शेतं होती, दोन तळी होती आणि त्यापुढे नुसता धूसरपणा. तिथे कुठेतरी ती कुणालातरी वरण-भात भरवत असणार. मी बराच वेळ त्या बाजूला तोंड करून बसलो. डोळ्यांत पाणी आलं म्हणून चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

मग उठलो आणि बाणावर नजर ठेवून उतरायला लागलो. शेळ्यांच्या वाटेनेच. बाण ठाम होता, एका अंशानेही हलत नव्हता. मी मनातल्या मनात यंत्राचं कौतुक केलं. पाऊण तास उतरल्यावर घाणेरी लागली, त्यापुढे खडक, आणि खडकाखाली पायथ्याचं दुकान दिसायला हवं होतं तिथे कुणाचा तरी ऊस उभा होता. तेव्हा कुठे चष्मा लावला. पडद्यावर लिहिलं होतं, सातशे बारा पॉइंट काहीतरी. पायथ्याची खूण परत लावायची मी विसरलो होतो. मी पुण्याच्या बाणावर डोंगर उतरत होतो.

एकटा असूनही लाज वाटली. उभ्या आयुष्यात मी लोकांना सांगत आलो, मोजण्याआधी शून्य तपासा. पायथ्याची खूण लावली, आल्या वाटेने परत माथ्यापर्यंत चढलो, आणि कान धरून पायऱ्यांनी उतरलो. गुडघे कुरकुरत होते, दर शंभर पायऱ्यांना बसावं लागत होतं. एक वाजेपर्यंत फोन करायचा होता हे लक्षात होतं, पण फोन चालू करायचा धीर होत नव्हता. चालू केला आणि पुन्हा गॅसचाच निरोप आला, तर काय करायचं?

पायथ्याशी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. नारळाच्या दुकानासमोर मोटरसायकल लावून तीन माणसं उभी होती. त्यांतला पुढचा, चष्मेवाला, माझ्याकडे आणि हातातल्या चिठ्ठीकडे आळीपाळीने बघत होता. तो गावच्या शाळेतला मास्तर निघाला, आमच्या शेजारच्या बाईंचा विद्यार्थी. बाईंनी त्याला फोन करून जागेवरून उठवलं होतं. त्याने चिठ्ठी माझ्यापुढे धरली. बारा पॉइंट चार, शहात्तर पॉइंट एक आणि त्यापुढची शेपटं, एकही आकडा न चुकता. मी पुण्याला वाचून दाखवलेले आकडे पुण्याहून हूटगळ्ळीला आणि तिथून बेट्टदपुरला येऊन माझीच वाट बघत उभे होते. ते तिघं आता वर चढायला निघणारच होते. मास्तरने मला पाणी दिलं, बाईंना फोन लावला आणि कानाला दिला.

"एन्री," बाई म्हणाल्या, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, एवढंच. मी हो म्हणालो. "परवागिल्ला, असू दे. आधी घरी फोन करा. त्या दुपारपासून पाण्याचा घोट घेतल्या नाहीत."

फोन चालू केला. तेवीस वेळा फोन येऊन गेला होता. दुकानाच्या पायरीवर बसून मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघितला आणि मग पुण्याला लावला.

"मी आहे. ठीक आहे," म्हणालो.

ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. यंत्र हातात घेऊन हरवलात?"

मला खोटं पुढे रेटवेना. "हे यंत्र तुला काही कळवत नाही," मी म्हणालो. "तेव्हा खोटं बोललो होतो."

"माहीत आहे. जावयांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मग आकडे कशाला लिहून घेत होतीस?"

"तुमचा फोन आला नाही तर कुणाला तरी सांगायला लागेल ना, आमचा माणूस इथे गेलाय म्हणून? ते लिहिलेलं नको?"

माझा राग खरं तर तिथेच संपला होता, पण इतके दिवस पोटात होतं ते बाहेर आलं. "मागच्या वेळी हरवलो तेव्हा तुझा एक फोन नव्हता. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो."

"मागच्या वेळी तुम्ही सांगून कुठे गेला होतात?" ती म्हणाली. "मला वाटलं, घरी पेपर वाचत बसला असाल. मी आठची वाट बघत होते."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, ही माझी मला दिसली नव्हती.

"आणि आज कसे चुकलात?" तिने विचारलं.

"बाण पुण्याचा लावून ठेवला होता. त्याच्यावरच उतरत गेलो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, नातू काहीतरी मागत होता. तिने त्याला थांब म्हटलं.

"किती राहिलं होतं?"

"सातशे बारा."

"बस असते हो रोज संध्याकाळी," ती म्हणाली. "तिला बाण लागत नाही."

"बघतो," मी म्हणालो. आमच्या घरात बघतो म्हणजे नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत.

"बघतो नको. येतो म्हणा."

मास्तर मोटरसायकल चालू करून माझ्यासाठी थांबला होता. मला बस स्टँडवर सोडणार होता.

"येतो," मी म्हणालो.

"या," ती म्हणाली, आणि मला टोपण काढल्याचा आवाज ऐकू आला. "कुठल्या वारी?"